ज्याची त्याची हौसा

"सान्वी, तू ही कादंबरी वाचलेली नाहीस," शाल्मली गावंडे भर वर्गात म्हणाली.

शाल्मली अमरावतीच्या एका कॉलेजात एम.ए.च्या मुलांना मराठी शिकवायची. साहित्यातला समाज, त्यातली विषमता आणि लेखकांनी रंगवलेलं बिघडलेलं भविष्य, असा तिचा पेपर. "उद्याचं वाईट जग लिहिणारा लेखक उद्याबद्दल बोलतच नसतो," असं ती पहिल्या तासाला हटकून सांगायची. "तो आजचंच बोट धरून चार पावलं पुढे चालतो, बस."

यंदाही तिनं 'उतरती तहान' ही कादंबरी लावली होती. नारायण भोंडे या लेखकाची ती एकुलती एक कादंबरी. कागदावर ती कधी छापली गेलीच नाही, थेट वाचनपाटीवर, पुस्तकं वाचायच्या हातातल्या स्क्रीनवर, आली. गोष्ट सरळ होती. एक अख्खं शहर एकाच उंच इमारतीत राहतं. टाकी गच्चीवर. पाणी वरून खाली उतरतं, प्रत्येक मजला हवं तेवढं घेतो आणि तळमजल्यावरच्या हौसाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. शेवटच्या प्रकरणात हौसाची मुलगी तापानं फणफणते आणि हौसा रिकामी कळशी घेऊन जिना चढायला लागते.

वर गेल्यावर हौसाचं काय होतं, एवढंच शाल्मलीनं विचारलं होतं.

"ती एकेका दाराशी थांबते," सान्वी इंगोले म्हणाली होती. "जो तो तिच्या कळशीत थोडं थोडं पाणी ओततो. खाली येईस्तोवर कळशी भरते. मुलगी वाचते."

मागच्या बाकावर रेयांश देशमुख हसला. "असं काही नाहीये त्यात, मॅडम. खालच्यांनीच पाइप फोडलेला असतो. हौसाला वर गेल्यावर ते कळतं. चोर घरातच असतो."

दोन्ही उत्तरं चूक. रेयांशचं तिला काही वाटलं नाही. बंगल्यातून कारनं येणारा, कुठूनतरी आयता सारांश उचलून आणणाऱ्यातलाच तो. पण सान्वी? नाल्याकाठच्या वस्तीतून येणारी, ग्रंथालय बंद होईपर्यंत बसणारी, जिच्या भरवशावर शाल्मली अवघड प्रश्न वर्गात टाकायची, ती सान्वी?

"शेवटी सुमनबाई टाकीच्या व्हॉल्व्हची चावी घेऊन येते," शाल्मली म्हणाली. "शाळेतली शिक्षिका. सगळ्यांच्या देखत ती व्हॉल्व्ह उघडते. पुस्तकाचा कणाच तो आहे. न वाचता उत्तर देणं एक वेळ ठीक, पण बेधडक खोटं?"

"मी दोनदा वाचली, मॅडम." सान्वी म्हणाली. "दुसऱ्यांदा तर आणखीच बरी वाटली."

"बरी वाटण्यासारखं त्यात आहे काय?"

वाचनाच्या गुणांच्या रकान्यात शाल्मलीनं सान्वीच्या नावापुढे भोपळा टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सान्वी स्टाफरूममध्ये आली. बाकीचे प्राध्यापक तासाला गेले होते. तिनं आपली पाटी उघडून शाल्मलीसमोर धरली. "तुम्हीच वाचा."

शाल्मलीनं पाटी हातात घेतली, शेवटच्या प्रकरणावर गेली. पहिली दोन वाक्यं तिला पाठ होती. 'पाणी खाली येताना आवाज करतं. तहान वर चढताना करत नाही.' पुढे जिना, बंद दारं, आणि पदराखाली चावी घेऊन आलेली सुमनबाई. तिनं पाटी परत केली.

"यात तर मी म्हणते तेच आहे."

सान्वीनं पाटीकडे पाहिलं. "माझ्या हातात तसं नाहीये, मॅडम."

पोरगी बनेल आहे, असं शाल्मलीच्या मनात येऊन गेलं. इतकी वर्षं शिकवताना बहाण्यांचे शंभर प्रकार तिनं पाहिले होते. पण हा नवा होता, आणि फार कच्चा. खोटं बोलणारं माणूस इतका तकलादू बहाणा घेऊन येत नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुझ्या हातात धर आणि मोठ्यानं वाच. मी बघत नाही."

सान्वी वाचायला लागली. पहिलं वाक्य तेच होतं, दुसरंही. मग सान्वीच्या तोंडून आलं, "चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीनं कळशी कलती केली. धार पातळ होती, पण तुटली नाही. हौसानं मान वर केली नाही. देणाऱ्याला लाजवू नये, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं."

ही भोंड्यांची भाषा होती. आखूड वाक्यं, पाण्याच्या धारेबद्दल इतकं नेमकं बोलणं, शेवटी हळूच घातलेली आई. एम.ए.ची कुठलीही मुलगी उभ्याउभ्या ही वाक्यं रचणार नाही. शाल्मलीलाही ती रचता आली नसती.

"थांब," ती म्हणाली. "सुमनबाई कुठे येते तुझ्यात?"

"एकदाच येते. हजेरी घेते. तुम्ही तिच्यावर दोन तास बोललात तेव्हा मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. म्हणून मी नोट्समध्ये तुमचंच लिहून घेतलं. सगळेच लिहितात. काल मात्र वाचलेलं तेच तोंडून गेलं."

गेल्या वर्षीच्या पेपरात प्रत्येकानं सुमनबाईवर कसं भरभरून लिहिलं होतं ते शाल्मलीला आठवलं. तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता!

"एक सांगू, मॅडम?" सान्वी खाली बघत म्हणाली. "आमची वस्ती नव्या इमारतींत हलवली ना, तेव्हा आई म्हणत होती, आधी नळाला पाणी दाखवा, मग सामान उचलू. मीच तिच्या मागं लागले. म्हटलं, काहून इतका संशय घेतेस, माणसं इतकी वाईट नसतात, कोणी ना कोणी देतंच. हे मी पुस्तकात वाचून म्हटलं असं नाही. पण तेव्हा मी तेच वाचत होते."

"आणि पाणी?"

"टँकर येतो. आला तर."

शाल्मलीचा नवरा निरंजन वाचनपाट्या बनवणाऱ्या कंपनीत होता. रविवारी सकाळी तो गिला वडा घेऊन आला. द्रोण उघडायच्या आत शाल्मलीनं त्याला विचारलं, "पाटी प्रत्येकाला वेगळं पुस्तक देते का?"

त्याचा हात क्षणभर थांबला. तेवढं तिला पुरलं.

"अवघड शब्द सोपे करून देते," तो म्हणाला. "जाहिरातीतच आहे की. त्यात काय लपवलंय?"

"निरंजन, मी शब्दांबद्दल विचारत नाहीये."

त्यानं आधी हसण्यावारी नेलं. मग चिडला. तुझ्या त्या कादंबऱ्या वाचून वाचून तुला जिथेतिथे कट दिसायला लागलाय, म्हणाला. तिनं द्रोण बाजूला सारला. अखेर त्यानं खुर्ची ओढली. "कोणाला सांगणार नाहीस असा शब्द दे. हे बाहेर गेलं तर माझ्याकडूनच गेलं, हे त्यांना लगेच कळेल."

"दिला," ती म्हणाली. तिला ऐकायचंच होतं.

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. पाटीचा बारीक कॅमेरा वाचणाऱ्याचे डोळे टिपत असतो. नजर कुठल्या शब्दावर अडली, कुठून मागे वळली, डोळ्यातली बाहुली कुठे विस्फारली, हे सगळं त्याला दिसतं. पाटीची कड धरलेल्या अंगठ्याखाली नाडी कळते, घामाचा ओलावा कळतो. लाखो माणसांचं वाचन असं पाहून पाहून पाटी एक गोष्ट शिकली आहे. माणूस पुस्तक मिटून ठेवण्याआधी काही क्षण त्याचं अंग ते सांगून टाकतं. त्याला स्वतःला कळायच्या आधी.

"आणि मग?"

"मग पाटी पुढचं वाक्य बदलते. लेखकाचीच शब्दकळा, लेखकाचीच लय. तिनं त्याचं सगळं लेखन पचवलेलं असतं. त्या वाक्यापाशी माणूस थांबत नाही, पुढे जातो. आम्ही तिला एकच उद्दिष्ट दिलं होतं, शाल्मली. हाती घेतलेलं पुस्तक कोणी अर्धवट सोडू नये. वाईट काय आहे त्यात? तूच ओरडायचीस ना, मुलं वाचत नाहीत म्हणून!"

"राग काढून टाका, असं कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. शपथेवर सांगतो. ती स्वतःच शिकली. जे तहानेत राहतात त्यांना तहानेचं वर्णन सोसत नाही, ते पुस्तक ठेवून देतात. म्हणून त्यांना दिलासा. जे वरच्या मजल्यावर राहतात ते अपराधी वाटायला लागलं की ठेवून देतात. म्हणून त्यांना सुटका. लेखकांनी अवघड मजकूर सोपा करायची परवानगी दिलेलीच आहे. अवघड म्हणजे समजायला की सोसायला, हे करारात कोणी लिहिलं नाही."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

निरंजन वड्याचा तुकडा चिवडत राहिला.

"कळल्यावर बंद का नाही केलं?"

"लोक शेवटपर्यंत वाचत होते," तो म्हणाला.

कोणीच सांगितलं नाही, हे खरं असेल का? तिनं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. इतकी वर्षं ओळखीचा असलेला चेहरा. तिला काही ठरवता येईना. आणि मग दुसराच प्रश्न तिच्या मनात शिरला. सान्वीला दिलासा मिळाला, रेयांशला सुटका. मग मला काय मिळालं?

सगळ्यांच्या देखत व्हॉल्व्ह उघडणारी शिक्षिका. तिच्यावर दोन वर्षं व्याख्यानं, एक शोधनिबंध, आणि वाचताना दर वेळी भरून येणारे डोळे.

नारायण भोंडे परतवाड्याला राहत होते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला सडसडीत, फटकळ म्हातारा. शाल्मली बसनं तिथे पोचली तेव्हा ते अंगणात संत्र्याच्या रोपांना झारीनं पाणी घालत होते. कादंबरीचं नाव काढताच ते हरखले, पण पाटी कोणाला काय दाखवते ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"मी ती पाटी वापरत नाही. मोतिबिंदूनंतर नजर ठरत नाही, तिला माझे डोळे सापडतच नाहीत म्हणे. मघापासून तुम्ही जे सांगता आहात, ते मी लिहिलेलं नाही, मॅडम. कळशीत पाणी नाही अन् फोडलेला पाइपही नाही."

"आणि सुमनबाई?"

"ती आहे ना. तिसऱ्या मजल्यावर राहते."

शाल्मलीला इतकं हायसं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली.

"हौसाची पोरगी तिच्याच शाळेत असते," भोंडे सांगू लागले. "म्हणून हौसा बाकी कोणाला न विचारता तिचं दार वाजवते. म्हणते, बाई, चावी कोणाकडे आहे एवढं सांगा. सुमनबाईला माहीत असतं. पण तिच्या मजल्यावर पाणी येत असतं. आवाज करायचा कोणी आणि कशासाठी? ती म्हणते, मला माहीत नाही. आणि दार लोटून घेते. जोरात नाही, हळू. आतून नळाचा आवाज येत राहतो. हौसा रिकामी कळशी घेऊन खाली येते. पोरगी गेलेली असते."

झारी रिकामी झाली होती. भोंड्यांनी ती उपडी ठेवली.

"तुमच्याकडे मूळ मजकूर आहे का कुठे?"

"कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. आहे ते डोक्यात. तेही किती दिवस, कोण जाणे."

परतीच्या बसमध्ये शाल्मलीनं म्हाताऱ्यावर संशय घेऊन पाहिला. इतक्या वर्षांनी आठवण फसवत असेल. पाटीवर राग असेल, म्हणून मुद्दाम कडू सांगत असेल. असं काहीबाही ती स्वतःला सांगत राहिली. पण दार हळू लोटून घेणारी ती बाई डोळ्यांपुढून जाईना. ऐकताना तिला तिथून उठून निघून जावंसं वाटलं होतं. पाटीनं नेमकं हेच हेरलं असणार. नाडी धावली असेल, अंगठा ओला झाला असेल, आणि क्षणात सुमनबाईच्या पदराखाली चावी आली असेल.

पुढच्या तासाला तिनं पाट्या मिटून ठेवायला सांगितल्या. भोंड्यांनी सांगितलेला शेवट तिनं सांगितला. सांगताना मध्येच रेयांश उठून बाहेर गेला. सान्वी बसून राहिली, पण दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून.

"माझीच बरी होती, मॅडम," ती शेवटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि तो शाल्मलीवर होता. "माझ्यात पोरगी जगली होती. तुमची ती बाई का नाही बोलली?"

वर्ग उत्तराची वाट पाहत होता. 'तिच्या मजल्यावर पाणी येत होतं,' एवढं म्हणून शाल्मलीला सुटता आलं असतं. साहित्याच्या तासाला ते चांगलं उत्तरही ठरलं असतं. तिला निरंजन आठवला, त्याला दिलेला शब्द आठवला.

"माझा नवरा ह्या पाट्या बनवणाऱ्या कंपनीत आहे," ती म्हणाली, आणि तिनं डोळे, अंगठा, बदलणारी वाक्यं, सगळं सांगितलं. आपल्यालाही खोटी सुमनबाई मिळाली होती आणि ती आपल्याला फार आवडली होती, हेही सांगितलं. सान्वीला दिलेला भोपळा चूक होता, हेही.

दारातून रेयांश म्हणाला, "पुरावा काय?" तो व्हरांड्यात उभा राहून ऐकत होता.

शाल्मलीकडे पुरावा नव्हता. कुठलीही पाटी हातात घ्यावी, तर ती तिला तिचंच पुस्तक दाखवणार. उत्तर सान्वीनं दिलं. "मॅडमवर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही ठेवू नका. आपापली पाटी काढा आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचा. सगळे एकदम."

सगळ्यांनी वाचायला सुरुवात केली. 'पाणी खाली येताना आवाज करतं. तहान वर चढताना करत नाही.' प्रार्थनेसारखा एक सूर लागला. तिसऱ्या वाक्याशी तो किंचित हलला. चौथ्याशी फुटला. कोणाची हौसा दार वाजवत होती, कोणाची देवळाकडे वळत होती, कोणाची जिन्यातच झोपी गेली होती. मुलं मधूनमधून शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत वाचत होती. काहींचा आवाज थरथरला, तशी त्यांची वाक्यं वाचता वाचताच मवाळ होत गेली, आणि ते त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं. एक मुलगी मध्येच थांबली. मग दुसरा थांबला. वर्ग शांत झाला तेव्हा दारात रेयांश एकटाच वाचत होता, "चोर घरातच होता." आपला एकट्याचा आवाज ऐकून तोही थांबला.

गलका ऐकून प्राचार्य आले. मग चौकशी झाली, नोटिसा आल्या, बातम्या आल्या. राज्यभरच्या वर्गांत मुलं एकत्र मोठ्यानं वाचून पाहू लागली. शाल्मलीला पेपर काढून घेण्याची धमकी मिळाली आणि मग बातम्यांमुळे ती मागेही घेतली गेली. निरंजनची बदली पुण्याला झाली, कुठल्यातरी बिनकामाच्या विभागात. जाताना बॅग भरत तो म्हणाला, "मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तू नको म्हणाला असतास."

"हो," तो म्हणाला. "म्हटलं असतं." त्यापुढे भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

दिवाळीच्या सुमारास पाट्यांवर एक नवं बटण आलं, 'मूळ पाठ'. कंपनीनं जाहीर माफी मागितली होती. निरंजनचा फोन आला. "बघ, जिंकलीस तू." त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा होता.

शाल्मलीनं बटण दाबलं आणि शेवटचं प्रकरण उघडलं. तिसरा मजला आला. सुमनबाईनं दार किलकिलं केलं, मला माहीत नाही म्हणाली, आणि दार हळू लोटून घेतलं. आत नळाचा आवाज. भोंड्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच. शाल्मलीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तोच तिला खटकला. कडू वाचूनही तिला बरं का वाटत होतं? आपल्याला आता हेच वाचायचं आहे, हे पाटीला कळायला कितीसा वेळ लागला असेल?

तिनं परतवाड्याला फोन लावला. भोंड्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिसरा मजलाच होता ना? की दुसरा?" ते पुटपुटले. "तुम्ही सांगता तसंच असेल बहुतेक."

मग तिनं सान्वीला फोन केला. सान्वी नव्या इमारतीच्या आवारात टँकरच्या रांगेत होती. मागे बादल्यांचा आणि बायकांचा आवाज येत होता.

"पाटी आहे का जवळ? मूळ पाठ उघड. तू वाच, मी माझ्यात बघते."

सान्वी वाचू लागली आणि शाल्मलीची नजर ओळीवरून सरकू लागली. जिना, बंद दारं, किलकिलं दार. शब्दाला शब्द जुळत होता. एक स्वल्पविरामही चुकला नाही. हौसा रिकामी कळशी घेऊन खाली आली आणि प्रकरण संपलं.

फोनवर बादली पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"सेम आहे, मॅडम," सान्वी म्हणाली. "म्हणजे हेच खरं, का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं," सान्वी सावकाश म्हणाली, "की एकतर हे खरं आहे, नाहीतर आपण दोघी आता पाटीला सारख्याच दिसतो."

टँकर आला असावा. गलका वाढला, कोणीतरी सान्वीला हाक मारली. "मी ठेवते," ती घाईनं म्हणाली. "नंबर जाईल."

शाल्मलीनं फोन खाली ठेवला. मग उठली, पाटी टेबलावरच सोडली आणि पायात चपला अडकवल्या. त्या नव्या इमारती कुठे आहेत, हे तिनं आजवर सान्वीला कधी विचारलंच नव्हतं. रिक्षावाल्याला ते बरोबर माहीत होतं.